आर्वीचा तक्ता

८ फेब्रुवारी १९८८, सोमवार

औषध कंपनीच्या माणसाने आज ऑफिसात सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. जानेवारीची पानं कोरी गेली ती गेली. आजपासून लिहायचं. सांगण्यासारखं काही नसेल त्या दिवशी मात्र उगाच पान भरायचं नाही.

बाबा कोराडीच्या कॉलनीत सगळ्यांना सांगतात की आमची शामला टेलिफोन ऑफिसात आहे. आज बसमधून उतरल्यावर शेजारच्या काकूंनीही तेच विचारलं, तेव्हा घरी आल्या आल्या बाबांना पुन्हा एकदा नीट समजावलं. आमची संस्था टीबीच्या रोग्यांसाठी काम करते. मुख्य कार्यालय पुण्याला आणि विदर्भात गावोगावी लहान उपचार केंद्रं. प्रत्येक केंद्रावर एक संगणक आहे. कोणत्या रोग्याने कोणतं औषध अजून किती महिने घ्यायचं, हे तो कार्डावर छापून देतो. त्याचे प्रोग्रॅम पुण्यात तयार होतात. पण आर्वीहून किंवा गोंदियाहून पुण्याची लाइन लागायला अर्धा दिवस जातो. म्हणून नागपुरात धंतोलीच्या आमच्या ऑफिसातल्या मोठ्या संगणकावर पुण्याच्या सगळ्या सामानाची हुबेहूब नक्कल ठेवलेली असते. केंद्रं आम्हाला फोन लावतात आणि मोडेम नावाचा एक डबा ती नक्कल तारेवरून त्यांना पोचवतो. ही नक्कल पुण्यासारखीच राहते की नाही, हे पाहणं माझं काम.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे टेलिफोनच ना वं?"

११ फेब्रुवारी, गुरुवार

आमचे पिंपळखुटे साहेब शिस्तीचे आहेत. पुण्याहून काही नवीन यायचं असलं की सगळ्यात आधी यादी उतरवून घ्यायची, हा त्यांचा नियम. कोणत्या प्रोग्रॅमचा कितवा क्रमांक सध्या चालू आहे, एवढंच यादीत असतं. ती लहान असते, लगेच येते. मग प्रोग्रॅम, आणि मग औषधांचे तक्ते लाइनच्या कृपेने सावकाश येत राहतात. पुण्याचे लोक दहा वाजता सगळ्या विभागांच्या याद्या पाहतात. वर्षभरात नागपूर एकदाही मागे दिसलं नाही, आणि पुण्याच्या बैठकीत साहेबांचं त्याबद्दल नाव घेतलं गेलं. घरी पाहुणे यायच्या आत दाराला तोरण लागलंच पाहिजे, असं साहेब म्हणतात. मला हे पटतं. वेळ पाळणं ही काही लहान गोष्ट नाही.

केंद्रांमध्ये वेळ पाळावी ती आर्वीच्या पुष्पलताने. दहा वाजले की आर्वीचा मोडेम किरकिरलाच. तिला मी कधी पाहिलेलं नाही, पण मनात तिच्याविषयी आदर आहे. उलट गोंदिया. बारा वाजून गेले तरी त्यांचा पत्ता नसतो आणि शेवटी मलाच फोन लावावा लागतो. तिथला ऑपरेटर मधुसूदन बिसेन. आज मी उशिराचं कारण विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, तुमचा फोन आल्याशिवाय इथली मशीनच गरम होत नाही."

मी त्याला सांगितलं की संगणकाला गरम व्हावं लागत नाही, उलट थंड राहावं लागतं. तो म्हणाला, हे त्याला माहीत नव्हतं, अजून थोडं समजावून सांगा. मी दहा मिनिटं सांगितलं. डिप्लोमा झालेल्या माणसाला इतक्या प्राथमिक गोष्टी ठाऊक नसाव्यात याचं वाईट वाटलं.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

आज चौदावा क्रमांक आला. नवीन औषधांनी टीबीचा उपचार आता पुष्कळ कमी महिन्यांत होतो, म्हणून कार्डाचा प्रोग्रॅमही बदलला आणि महिन्यांचा तक्ताही. पुण्याची लाइन सकाळभर तुटत होती. एक तुकडा यायचा, खरखर व्हायची, तोच तुकडा पुन्हा. त्यात आमच्या तीन फोनांपैकी एक पुण्याला गुंतलेला आणि उरलेल्या दोहोंवर केंद्रांची झुंबड. तिन्ही लाइनी एकदम चालल्या की आमचा संगणक दमतो आणि सगळ्यांनाच सांडत सांडत वाढतो.

तरी यादी दहाच्या आत लागली. साहेब खूश होते. तक्ता यायला मात्र साडेअकरा झाले.

संध्याकाळी बसमध्ये उभी होते तेव्हा मनात आलं, आज विदर्भातले किती रोगी दोन महिने आधी बरे होतील, आणि त्यात माझाही हात आहे. आईला सांगितलं. तिने वाळत घातलेल्या कपड्यांवरची वीजकेंद्राची राख झटकता झटकता "बरं झालं बाई" म्हटलं. राख सकाळपासून उडत होती. तिचं लक्ष तिकडेच होतं.

९ मार्च, बुधवार

आर्वीला फार वाईट प्रकार झाला आहे. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं की पंधरवड्यात छापलेल्या बऱ्याच कार्डांवर 'औषध पूर्ण' असं आलं आहे, आणि त्या रोग्यांचे अजून दोनदोन महिने बाकी आहेत. टीबीचं औषध मध्येच सोडलं की रोग पुन्हा उठतो, आणि मग जुन्या औषधाला जुमानत नाही. लोक तर कार्ड घेऊन आनंदाने घरी गेले. आता त्यांना शोधून परत आणायचं काम चाललं आहे.

बाकी कुठल्याच केंद्रावर हे झालेलं नाही, फक्त आर्वीला.

११ मार्च, शुक्रवार

आर्वीच्या संगणकातली नक्कल फ्लॉपीवर मागवली होती, ती आज एस.टी.ने आली. साहेबांसमोर मी ती आपल्या नकलेशी ताडून पाहिली. प्रोग्रॅम चौदावा, बरोबर. तक्त्यावर क्रमांकही चौदाच आहे, पण आतला मजकूर तेराव्याचा, अक्षर न् अक्षर. नवीन प्रोग्रॅम जुन्या तक्त्यात नवीन रकाना शोधतो, तिथे काही सापडत नाही, आणि तो समजतो की महिने संपले.

साहेब म्हणाले, क्रमांक नवा आणि माल जुना, हे आपोआप होत नाही. ऑपरेटरने जुन्या फ्लॉपीवरून तक्ता हाताने घातला आणि क्रमांक नवा टाकला. पुण्याने पुष्पलताला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे. ती म्हणते, मी काहीच केलं नाही.

मला तिचा राग आला, तो इथे लिहून ठेवते. जिच्या वेळेवरच्या कामाचं मी इतरांना उदाहरण द्यायची, तिने असं करावं. एका बेफिकीर बोटाने इतकी माणसं धोक्यात. तिला फोन करून विचारावं असं एकदा वाटलं होतं, पण चौकशी चालू असताना बोलणं योग्य नाही.

१६ मार्च, बुधवार

असा प्रकार आणखी कुठे होऊ नये म्हणून मी एकेक केंद्राची नक्कल तपासते आहे. सुरुवात अर्थातच गोंदियापासून केली. जो माणूस रोज दोन तास उशीर करतो त्याच्याकडे काहीतरी सापडणारच, अशी माझी खात्री होती. पण गोंदियाची नक्कल पुण्याशी तंतोतंत जुळते. जानेवारीपासूनच्या जुन्या नकलाही मागवल्या, त्यातही एक खोट नाही.

फ्लॉपीच्या डब्यात मधुसूदनने चिन्नोर तांदळाची एक पुडी ठेवली होती. वर चिठ्ठी, की ओल धरू नये म्हणून. मी फोन करून सांगितलं की मार्चमध्ये नागपुरात ओल नसते आणि तांदळाच्या भुकटीने फ्लॉपी खराब होते. तो म्हणाला, पुढच्या वेळी मोठी पुडी पाठवतो, म्हणजे भुकटी कमी होईल. यात काही तर्क नाही. आईने रात्री तोच भात केला. घरभर वास पसरला होता आणि बाबांनी दोनदा मागून घेतला.

१८ मार्च, शुक्रवार

उमरेड बरोबर. हिंगणघाट बरोबर. काटोलमध्ये डिसेंबरात एकदा असाच जुना तक्ता नव्या क्रमांकाखाली होता, पण तो निव्वळ मथळा छापायचा तक्ता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. काटोलची बाई त्या आठवड्यात पुष्पलताच्याही आधी फोन लावायची, असं माझ्या आठवणीत आहे. तिलाही मी शाबासकी दिली होती.

निष्काळजी माणसाचं काम बिनचूक आणि नियमित बायकांचं चुकीचं. काहीतरी उलटं चाललं आहे आणि मला ते दिसत नाही.

२२ मार्च, मंगळवार

दिसलं.

आज पंधरावा क्रमांक आला. यादी नेहमीप्रमाणे दहाच्या आत लावली. मग पुण्याची लाइन दोनदा तुटली आणि मी मोडेमचे लाल दिवे बघत बसले होते. काटोलचा फोन लागला, काटोलने सामान उचललं आणि फोन ठेवला. मी सहज मनात म्हटलं, बाईंनी काय उचललं? तक्ता तर अजून आलेलाच नाही.

केंद्राचा संगणक आमची यादी बघतो. यादी म्हणते पंधरा. तो म्हणतो, माझ्याकडे चौदा आहे, पंधरावा द्या. आमचा संगणक त्या नावाखाली जे पडलेलं असेल ते देतो, आणि ते असतं जुनंच. केंद्र त्यावर विश्वासाने पंधराचा शिक्का मारतं. दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा पंधरा म्हणते, केंद्राकडेही पंधरा आहे, मग ते पुन्हा मागतच नाही. चूक तिथेच मुरून बसते. आमच्याकडे तोवर खरा तक्ता आलेला असतो, म्हणून आमच्याकडे पाहिलं तर सगळं ठीक.

बाराला फोन लावणाऱ्याला हे कधीच भेटत नाही. जो दहाच्या ठोक्याला येतो त्यालाच भेटतं.

मी काटोलला लगेच फोन करून तक्ता पुन्हा घ्यायला लावला. सहा महिने मी सगळ्या केंद्रांना सांगत आले आहे, आर्वीसारखे वेळेवर या.

२३ मार्च, बुधवार

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही, पण आश्चर्य वाटल्यासारखंही दिसलं नाही. कामाचा फार ताण आहे त्यांच्यावर. म्हणाले, उद्यापासून यादी शेवटी लावा, पुण्याला मी लाइनचं कारण देतो. चूक दुरुस्त झाली, विषय संपला.

मी विचारलं, पुष्पलताचं काय? तर म्हणाले, तिची चौकशी आपोआप थंडावेल, चारदोन महिन्यांत दुसरीकडे लावतील. आपण नियम चुकीचा होता असं लिहून दिलं तर नव्या संगणकाची मंजुरी अडकेल, आणि त्यात नुकसान रोग्यांचंच.

निघताना त्यांनी आवर्जून सांगितलं की मला कायम करण्याची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे आणि एप्रिलमध्ये सही व्हायची आहे. एवढ्या गडबडीत त्यांना माझी आठवण राहिली.

२९ मार्च, मंगळवार

यादी आता शेवटी लागते. केंद्रांच्या पाळ्याही लावून दिल्या, दोघादोघांनी यायचं, बाकीच्यांनी थांबायचं. मोठं सामान फ्लॉपीवर घालून एस.टी.च्या पार्सलने पाठवते. आर्वीची बस तीन तासांत जितकं नेते तितकं तारेवरून आणायला आठवडा लागेल. तेव्हापासून एकही खोट नाही. यात आनंद व्हायला हवा होता.

जेवताना बाबांना साहेबांचं आणि पुष्पलताचं सांगितलं. ते म्हणाले, "साहेबाच्या मधात पडू नको वं. तुले कायम तर होऊ दे पहिले. आपल्या घरात कोणाची सरकारी सारखी खुर्ची होती?" मी म्हटलं, तिचीही खुर्चीच गेली आहे ना. आईने बाबांच्या ताटात भाजी वाढली आणि ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "काय मालूम, तिच्या घरीबी हीच पहिली शिकलेली असन."

पुष्पलता किती शिकली आहे, तिच्या घरी कोण आहे, मला यातलं काहीच माहीत नाही.

७ एप्रिल, गुरुवार

चौकशी थंडावलेली नाही. पुण्याहून डॉ. अरुंधती बाई परवा येत आहेत. त्या संस्थेच्या वैद्यकीय प्रमुख. नागपूरला कागद पाहून त्या आर्वीला जाणार आणि पुष्पलताला कामावरून काढल्याचा हुकूम तिथे देणार. साहेबांनी हे चहा पिता पिता सांगितलं.

आर्वीहून कळलं की बाकी सगळे रोगी परत आले, एक म्हातारबाबा तेवढे येत नाहीत. नत्थूजी नाव. ते म्हणतात, कार्डावर पूर्ण लिहिलं आहे, आता मला कशाला बोलावता.

मी परवा बाईंशी बोलणार आहे. पण बोलून पटवायचं कसं, हा प्रश्न आहे. आज तपासलं तर सगळीकडे सगळं जुळतं. चूक घडून गेली की तिचा माग राहत नाही, ती पुन्हा घडवूनच दाखवावी लागेल.

९ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते सगळं क्रमाने लिहिते.

डॉ. अरुंधती बाई दहाच्या सुमारास आल्या. साठीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज हळू. साहेबांनी कागद पुढे ठेवले. बाईंनी पेन काढलं तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, मला दहा मिनिटं हवी आहेत, आर्वीचा तक्ता कसा चुकला ते मी दाखवू शकते. साहेब म्हणाले, या आमच्या शामलाबाई, फार उत्साही आहेत. बाई म्हणाल्या, दाखवू दे.

पुण्यातल्या माणसाला मी आदल्या दिवशीच विनंती करून खोटा सोळावा क्रमांक तयार ठेवायला लावला होता. तो कार्डांना लागत नव्हता. त्यात खरं औषध नव्हतं, तक्त्यात नुसती 'नवीन' अशी अक्षरं होती. जुना क्रम लावला. यादी आधी. मग गोंदियाला ट्रंक कॉल लावला. मनात म्हटलं, लवकर येण्याची सवय नसलेल्या माणसाला आज लवकर बोलवायचं आहे, सापडतो की नाही. पहिल्या घंटीलाच मधुसूदनने उचलला.

"मॅडम, मी तर नऊ वाजल्यापासून बसून राहिलो," तो म्हणाला. "रोजच बसतो जी."

माणूस सुधारतो याचं मला बरं वाटलं, पण तेव्हा बोलायला वेळ नव्हता. त्याला म्हटलं, लगेच सामान उचला आणि तक्ता उघडून काय दिसतं ते सांगा.

त्याने उचललं आणि वाचून दाखवलं, "नवीन."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा नवीन. पुण्याची लाइन आज आरशासारखी स्वच्छ होती. गोंदियाचा फोन लागेपर्यंत तक्ता येऊन बसलासुद्धा. महिनाभर ज्या लाइनीला मी शिव्या घातल्या ती आज एकदाही तुटली नाही. साहेब खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, बरं झालं, शंका फिटली. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, नेहमीपेक्षा मोकळा. मग लक्षात आलं, आज दुसरा शनिवार. सरकारी कचेऱ्या बंद, बँका बंद, फोनवर कुणी नाही. आर्वीला ते झालं तो मंगळवार होता, आणि आमच्या तिन्ही लाइनी भरलेल्या होत्या.

मी म्हटलं, बाई, आज रस्ता रिकामा आहे म्हणून गाडी वेळेवर आली. मला मंगळवार करून दाखवू द्या.

साहेब म्हणाले, "मंगळवार काय करता येतो का, शामलाबाई?"

बाई म्हणाल्या, "किती वेळ लागेल?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "बरं. मी चहा घेते."

पुण्याला सांगून सतरावा क्रमांक तयार करवला. तक्त्यात या वेळी 'अधिक नवीन'. उमरेडला फोन करून सांगितलं, आमच्याकडचं सगळ्यात मोठं सामान मागा आणि संपलं की पुन्हा मागा. उमरेडच्या यमुताईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, आर्वीसाठी. त्या म्हणाल्या, "मंग दिवसभर मागतो." ती एक लाइन भरली. मग यादी लावली आणि पुण्याचं सामान सुरू केलं. दोन्हीकडचं एकदम यायला लागल्यावर आमचा संगणक दमला. पुण्याच्या मोडेमचा दिवा थांबत थांबत लुकलुकू लागला, तोच तुकडा पुन्हा, पुन्हा तोच. मंगळवार झाला.

गोंदिया तिसऱ्या लाइनीवर आला. त्याने सामान उचललं. मी रिसीव्हर बाईंच्या हातात दिला आणि मधुसूदनला म्हटलं, बाईंनाच सांगा.

मला त्याचा आवाज बाजूने ऐकू येत होता. "क्रमांक सतरा आला जी," तो म्हणाला. "आत लिहून आहे 'नवीन'. म्हणजे जुनंच." आणि पुढे म्हणाला, "आता मलेबी घरी बसवा, मॅडम. क्रमांक नवा न् माल जुना."

बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता साहेबांना विचारलं, "यादी आधी लावायची, हे कुणाचं?"

साहेब म्हणाले, "आमच्या ऑफिसची पद्धत आहे."

"तुम्हाला हे केव्हा कळलं?"

साहेब समोरचे कागद सरळ करू लागले. मी म्हटलं, मला बावीस मार्चला कळलं आणि दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, पण त्यांच्यामागे कामं फार होती. बाईंनी आर्वीच्या हुकमाचा कागद सही न करताच दुमडून पर्समध्ये टाकला. पेन उघडंच राहिलं होतं, साहेबांनी त्याला टोपण लावून दिलं.

१२ एप्रिल, मंगळवार

पुष्पलता आजपासून कामावर आली. पुण्याहून तसा हुकूम आला आणि पंधरवड्यात नवी पद्धत सगळ्या विभागांना लागू होईल असंही आलं. साहेब माझ्याशी नीट बोलतात, पण चहाला बोलावत नाहीत. माझी फाइल त्यांनी शेरा न लिहिता पुण्याला पाठवली. पाचसहा महिने लागतील म्हणतात. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

दुपारी आर्वीला फोन केला. महिनाभर मनात साठलेलं सगळं सांगायचं होतं. यादी, तक्ता, दुसरा शनिवार, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "शामलाताई, तुम्ही लय मेहनत केली माह्यासाठी. पण एक विचारू? तुम्ही सगळ्याइच्या मशिनी तपासल्या. मले एक फोन काहून नाही केला?"

मी म्हटलं, चौकशी चालू असताना ते योग्य नव्हतं.

ती म्हणाली, "मले मालूम होतं ना, त्या दिवशी मी ठीक दहाले फोन लावला होता न् जुन्या तक्त्याले लागते तेवढ्याच टाइमात सगळं आलं होतं. नवा रकाना वाढला म्हणत, न् टाइम तेवढाच. मले तवाच नवल वाटलं होतं. कोणी विचारलंच नाही."

दोन आठवडे मी जे शोधत होते ते तिच्या तोंडात पहिल्या दिवसापासून होतं. तिने ते मला टोचून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

१७ एप्रिल, रविवार

आज आर्वीला जाऊन आले. बोलावणं नव्हतं, मीच गेले. पहिल्या बसने निघाले. पुष्पलता स्टँडवर घ्यायला आली होती. माझ्याहून वयाने लहान आहे, मी कितीतरी मोठी समजत होते. आईने त्या दिवशी जेवताना काढलेल्या शंकेचं उत्तरही मिळालं. तिच्या घरी बारावीच्या पुढे गेलेली तीच एक आहे.

आम्ही दोघी नत्थूजींकडे गेलो. ते अजूनही केंद्रावर आले नव्हते, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषध आजच सुरू करा, थुंकी उद्या तपासू. बाहेर बाजेवर बसले होते. खोकला पुन्हा सुरू झाला आहे, लपत नव्हता. त्यांनी जुनं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलं होतं. ते काढून आम्हाला दाखवलं, 'औषध पूर्ण'.

मी त्यांना समजावू लागले. आमच्याकडे एक यादी असते, आणि तक्ता मागून येतो, आणि मध्ये लाइन असते. मला वाटतं मी फार सोपं करून सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं. मग मला बाजूला ठेवून ते पुष्पलताला म्हणाले, "हे बाई शिकली सवरली आहे, सांगून राहिली ते खरं असन. पण पोरी, पहिलं कार्डबी तूच देल्लं होतं. आता हे खरं काहून मानू मी?"

पुष्पलताने नवं कार्ड काढलंच नाही. ती बाजेवर त्यांच्या बाजूला बसली. म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या कार्डानं मलेबी घरी बसवलं होतं एक महिना. मी तुमच्यावर रागावली का? नाही. मंग तुम्हीबी नका रागवू. दोन महिने अजून घ्या लागते. मी रोज येतो."

"रोज?"

"रोज. दहाच्या पहिले. मंग मले मशिनीवर बसा लागते."

ते हसले. हसता हसता खोकले. घरातून सुनेने पाण्याचा गडवा आणला. पुष्पलताने पुडीतल्या गोळ्या एकेक करून त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि त्यांनी एकेक करून गिळल्या. मग लहान मुलासारखं तोंड उघडून, जीभ वर करून तिला दाखवलं. केंद्रावर अशीच पद्धत आहे, गोळी खरंच पोटात गेली की गालाआड राहिली, हे बघायचं. तिने वाकून नीट बघितलं आणि "गेली" म्हणाली.

मग ते माझ्याकडे वळले आणि तसंच तोंड उघडून मलाही दाखवलं. नेमकं काय बघायचं ते मला ठाऊक नव्हतं. तरी पुष्पलतासारखी वाकले, जिभेखाली, दोन्ही गालांच्या आत बघितलं, आणि खात्री झाल्यावरच "हो, गेली" म्हटलं.